फेअरचा आठवडा

एन. टी. पाटील सर कुणालाही पहिल्यांदा भेटले की आधी गाव विचारत. खानदेशात हा प्रश्न सगळेच विचारतात, त्यात नवल काही नाही. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की सोयरे, आणि चहा येईपर्यंत समोरचा माणूस आपल्याच कुठल्यातरी आतेभावाचा साडू निघतो. सरांचं वेगळेपण एवढंच की ते शब्दांनाही गाव विचारत. फळ्यावरच्या इंग्रजी शब्दाकडे खडू रोखून ते म्हणत, "याचं गाव कोणतं?" आणि ते अशा आवाजात म्हणत, की तो शब्द आता फळ्यावरून उतरून पत्ता सांगेल असं मागच्या बाकावरच्यांनाही वाटे.

मी मूळचा नगरकडचा. सारंगखेड्याच्या आमच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथे पाटलांचा सुकाळ होता. 'पाटील सर' अशी हाक मारली तर अर्धी स्टाफरूम वळून बघायची. म्हणून तिकडे सगळे आद्याक्षरांनी ओळखले जातात. हे एन. टी., म्हणजे नरोत्तम, पलीकडचे डी. टी., म्हणजे आणखी कोणी. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. मला आद्याक्षरं मिळाली नाहीत, मी कायमचा 'ड्रॉईंग सर' झालो.

पहिल्याच दिवशी एन. टी. सरांनी माझं गाव विचारून घेतलं आणि मग माझ्या विषयाचं. मला ते सांगता येईना. तेव्हा त्यांनीच सांगितलं. ड्रॉ म्हणजे मुळात ओढणं. आधी माणसानं गाडी ओढली, विहिरीतून पाणी ओढलं, मग कधीतरी कुणीतरी मातीत काडीनं एक रेघ ओढली आणि तुमची नोकरी लागली, असं ते म्हणाले. म्हणजे बैल, मोट आणि मी असे एकाच भावकीतले निघालो. मी हसलो, पण ते हसले नव्हते. शब्दांच्या बाबतीत ते थट्टा करत नसत, फक्त ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटे.

दिसायला सर उंच, नाकीडोळी रेखीव आणि चांगले गोरेपान होते. त्या उन्हाच्या मुलखात इतकी वर्षं काढून एखाद्याचा रंग असा कसा टिकतो, हे मला चित्रकार म्हणून कधी उमगलं नाही. पांढरा शर्ट, त्याच्या उजव्या खिशावर कायम खडूचा डाग, कारण खडू ते खिशातच ठेवत. घरची केळीची शेती भाऊ बघत. सरांना बागेतलं फारसं कळत नसे आणि भाऊ त्यांना तिकडे फिरकू देत नसत. एकदा पाणी सोडायला पाठवलं तर ते शेजारच्या सालदाराकडून बांधाचे निरनिराळे प्रकार आणि त्यांची नावं ऐकत बसले आणि पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात गेलं, असं भाऊ सांगायचे.

शाळेच्या फाटकाजवळ एक छोटा काळा फळा होता. त्यावर सर रोज एक इंग्रजी शब्द लिहीत आणि खाली त्याचे अर्थ. वर्षभर शब्द रोज बदलायचा. फक्त मार्गशीर्षात, गावात दत्ताच्या नावानं घोड्यांची जत्रा भरायची वेळ झाली की एकच शब्द आठवडाभर राहायचा. तो शब्द म्हणजे फेअर. मुलं त्याला फेअरचा आठवडा म्हणत, आणि जत्रेइतकीच त्याचीही वाट बघत, कारण त्या आठवड्यात सर व्याकरण शिकवत नसत.

सोमवारी फळ्यावर यायचं, फेअर म्हणजे जत्रा. गाव कोणतं? लॅटिन. तिकडे या शब्दाचा मूळपुरुष म्हणजे देवाच्या नावानं सोडलेला दिवस. सर वर्गात सांगत, देवाचा दिवस म्हणून कामाला सुट्टी, सुट्टी म्हणून माणसं जमली, माणसं जमली म्हणून दुकानं आली. दत्ताच्या जत्रेत घोडे का विकले जातात हे आता कळलं का, असं विचारून ते थांबत. जगात सगळीकडे माणूस देवाच्या नावानं जमतो आणि बाजार करून घरी जातो, हा त्यांचा आवडता सिद्धांत होता.

मंगळवारी ते फळ्यावर तोच शब्द पुन्हा लिहीत आणि सांगत की कालचा गेला, हा दुसरा. अक्षरं तीच, आडनाव तेच, पण हा त्याचा कोणी लागत नाही. हा उत्तरेकडचा, जुन्या इंग्रजीतला. मुलांना हे कळावं म्हणून ते स्टाफरूमचा दाखला देत, की मीही पाटील, डी. टी. सरही पाटील, म्हणून आमची भावकी एक आहे का? मुलं ओरडत, नाही. या दुसऱ्या फेअरचा पहिला अर्थ सुंदर. नुसता सुंदर, डोळ्यांना बरं वाटेल असा. मग बुधवारी त्याच्याखाली गोरा हा अर्थ यायचा. सर सांगत, हा पाहुणा फार उशिरा आला. शेकडो वर्षं हा शब्द सुंदर म्हणूनच नांदत होता, मग लोकांनी ठरवलं की सुंदर म्हणजे गोरं, आणि हा ओसरीवर आलेला पाहुणा घरमालकासारखा माजघरात जाऊन बसला.

गुरुवारी निष्पक्ष, न्याय्य. इथे खेळातली उदाहरणं येत आणि गावच्या रेशन दुकानाच्या पाटीवरचं रास्त भाव येई. शुक्रवारी स्वच्छ आभाळ, अनुकूल वारा, खाडाखोड नसलेली पक्की प्रत. शनिवारी अर्धी शाळा, त्यामुळे अर्थही अर्धामुर्धा. प्रगतिपुस्तकात शेरा लिहितात तो फेअर, म्हणजे बरा, चालेल, फार अपेक्षा ठेवू नका. सुंदरपासून निघालेला शब्द फिरत फिरत शेवटी ठीकठाकवर येऊन टेकला, याचं सरांना खरोखर वाईट वाटे. एकदा एका मुलानं विचारलं की मग एसटीचं फेअर कोणतं. सर म्हणाले, ते दार चुकून आलेले पाहुणे आहेत, त्यांचं स्पेलिंग वेगळं, त्यांना पाणी द्या आणि रस्ता दाखवा.

जत्रेत ते मला सोबत नेत. मला घोड्यांची चित्रं काढायची असत आणि त्यांना घोड्यांचे शब्द हवे असत. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, कुठून कुठून व्यापारी आलेले असत. तंबूंसमोर घोडे बांधलेले, माणसं त्यांचे दात बघतायत, कपाळावरचे आणि छातीवरचे केसांचे भोवरे तपासतायत, पाय उचलून खुरं बघतायत. सर यातलं काही बघत नसत. ते विचारत, या तांबूस रंगाला काय म्हणता? कुमैत. का म्हणता? काळ्याला मुश्की का म्हणता? व्यापाऱ्यांना आधी वाटे हा मोठा जाणकार गिऱ्हाईक, ते खाट टाकत, चहा मागवत. मग हळूहळू त्यांच्या लक्षात येई. एक म्हातारा व्यापारी दरवर्षी भेटायचा, तो शेवटी एकदा म्हणाला, "मास्टरजी, घोडा लेना है कि नाम?" सर म्हणाले नाम. त्यानंतर तो चहा मागवत नसे, पण शब्द देत असे.

आता सरांच्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. गावातली मुलं शिकून सुरतला, पुण्याला, कुठे परदेशात गेली, तशी लग्नाची परिचयपत्रं इंग्रजीत करायची पद्धत पडली. इंग्रजी म्हटलं की सर. मुलीचे वडील कागद घेऊन येत, सर सांगतील तसं स्टॅंडवरचा टायपिंगवाला टाइप करे, आणि मग तो कागद मोबाइलवरून नातेवाइकांत फिरे. या कामाचे सर पैसे घेत नसत, पण त्यांच्या अटी होत्या. एक म्हणजे तयार झालेला कागद ते बापाला देत नसत. मुलीला ओट्यावर बसवून तो तिला मोठ्यानं वाचून दाखवत, एकेक ओळ मराठीत सांगत, आणि तिनं मान हलवली तरच तो बाहेर जाई. स्वयंपाकाची आवड असं लिहिलेलं असेल आणि मुलगी गप्प बसली, तर ती ओळ तिथल्या तिथे खोडली जाई. यामुळे बऱ्याच आया सरांवर नाराज होत्या.

दुसरी अट रंगाची. परिचयपत्रात उंचीच्या खाली रंगाची ओळ असते आणि तिथे फेअर लिहायची पद्धत आहे. मुलगी कशीही असो, सगळ्याच फेअर असतात. सर ती ओळच ठेवत नसत. एका मुलीचा काका यावरून त्यांच्याशी माझ्यासमोर भांडला होता. "सर, रंग लिखा ना. लिखाले काय जास?" सरांनी त्याला मंगळवारचा आणि बुधवारचा धडा पूर्ण ऐकवला. आधी सुंदर, मग गोरा, पाहुणा, माजघर, सगळं. काका शेवटी कंटाळला. तेव्हा सर म्हणाले की रंग बघायला डोळे असतातच, "पावणासले डोया नहीत का?" काका गेला तो टायपिंगवाल्याकडे, आणि तिथे त्यानं ती ओळ घालून घेतलीच असणार. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, सरांना सोडून.

सरांची मुलगी योगिता. तळोद्याच्या पुढे डोंगरात एका आरोग्य केंद्रात ती परिचारिका होती. आठवडाभर तिकडे राहायची, शनिवारी जीपमधून खाली यायची. पावरी बोलायला शिकली होती, बाळंतपणाला आलेल्या बायकांशी ती त्यांच्याच बोलीत बोले, आणि घरी आली की आईशी स्वयंपाकघरात बसून तासन् तास गप्पा मारी. चेहरामोहरा, बांधा, रंग सगळा आईचा घेतला होता. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी, जसोदाबाई, चांगल्या सावळ्या. मी एकदा दोघींचं पेन्सिलचित्र काढलं होतं, शेजारी बसलेल्या. ते बघून शेजारच्या बाईनं विचारलं, एकीचंच दोन वयातलं आहे का.

योगिताचं परिचयपत्र सरांनी स्वतः लिहिलं, तिला वाचून दाखवलं, आणि अर्थातच रंगाची ओळ ठेवली नाही. ते नातेवाइकांत फिरलं आणि कुठूनच काही आलं नाही. लोकांना वाटे, ओळ नाही म्हणजे काहीतरी झाकलंय. कागद बघून बाजूला ठेवला जाई, मुलगी बघायलाच कोणी येत नसे. सर म्हणत, येतील. वहिनी एक दिवस भाजी आणायला म्हणून स्टॅंडवर गेल्या आणि टायपिंगवाल्याकडून ती ओळ घालून आल्या. त्यांचा हिशेब साधा होता. माणसं एकदा घरात पाय तर ठेवतील. योगिता समोर येऊन दोन शब्द बोलली की पुढचं ती बघून घेईल.

पण खरं म्हणजे योगितानं आधीच बघून ठेवलं होतं. तळोद्याला कृषी खात्यात निलेश नावाचा मुलगा होता, जवळच्याच प्रकाशा गावचा. दोघांची ओळख जीपमधली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं आईला सांगितलं की लग्न करीन तर याच्याशी, आणि त्यानंही घरी सांगितलं होतं. त्याच्या आईची ना नव्हती, मामाची ना नव्हती. पाहुणे जत्रेच्या निमित्तानं आमच्या गावी येणार, घर बघणार, चहा पिणार, आणि जाताना सुपारी फोडायचा दिवस ठरवून जाणार, एवढंच उरलं होतं. योगितानं त्या दिवसासाठी रजा टाकली होती. सकाळपासून ती तीनदा आमच्याकडे काहीबाही मागायला आली, आणि तीनही वेळा हसत गेली.

मी शेजारी, त्यात सरांचा सहकारी, म्हणून मला बैठकीत बसवलं होतं. पाहुण्यांत निलेश, त्याची आई आणि त्याचे मामा. आई ठेंगणी, कामानं राठ झालेल्या हातांची, कमी बोलणारी बाई होती. मामा मात्र बोलके. केळीचे भाव झाले, जत्रेतल्या घोड्यांच्या किमती झाल्या. योगिता येऊन बसली. मग मामांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यांच्याकडे मोबाइलवर आलेल्या परिचयपत्राची ती छापील प्रत होती. सर सगळ्या गावाला वाचून दाखवतात, त्या कौतुकानंच ते म्हणाले, "सर, तुम्ही बठा गावले वाचीसन दाखाडतस. आमलेबी दाखाडा."

सरांना एवढंच हवं होतं. त्यांनी चष्मा लावला आणि वर्गातल्या आवाजात वाचायला सुरुवात केली. नाव, जन्म, शिक्षण, नोकरी. प्रत्येक ओळ आधी इंग्रजीत, मग मराठीत. निलेशची आई पुढे वाकून ऐकत होती. उंची झाली. आणि सर थांबले. त्यांनी कागद जरा लांब धरला, जवळ आणला. मग म्हणाले, "हाऊ शब्द मन्हा नही."

तिथे त्यांनी कागदाची घडी घातली असती तर सगळं झालं असतं. पण सरांना शब्द दिसला की त्याचं गाव विचारल्याशिवाय राहवत नसे. त्यांनी मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. सर त्यांना म्हणाले, "हाऊ कोठून उना?"

वहिनी म्हणाल्या, "मी लिखाले लावा."

एवढं बोलून त्या तिथेच उभ्या राहिल्या, ट्रे हातात तसाच. पुढे येता येईना आणि मागे जाता येईना. आणि सर पाहुण्यांकडे वळून तो शब्द समजावून सांगू लागले. त्यांच्या मनात वहिनींना दुखवायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. ते फक्त चूक दुरुस्त करत होते. उत्तरेकडचा शब्द, आधी नुसता सुंदर, मग लोकांनी त्यात गोरेपणा आणला, आणि माझी मुलगी तशी नाही, तेव्हा हे लिहिणं खोटं आहे. निलेश जमिनीकडे बघत होता. योगिता आईकडे बघत होती. निलेशची आई सरांचं बोलणं संपायच्या आत उठली, वहिनींच्या हातातून ट्रे घेतला आणि त्यांना आत घेऊन गेली. मला त्या वेळी सरांचा फार राग आला. इतकी वर्षं मुलींना विचारून एकेक शब्द लिहिणारा हा माणूस, घरातल्या बाईला मात्र त्यानं पाहुण्यांसमोर वर्गातल्यासारखं उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला. ते बिचारे स्वतःच अवघडले होते. बहिणीचं म्हणणं त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, की पोर चांगली आहे, रंगाचं काही नाही, रंग आम्हाला आधीपासून माहीत होता. "पण मन्हं शिक्षण कमी शे. त्या घरनी पोर उद्या मन्ही चूकबी पावणासमोर काढी." पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. निलेशनं घरी खूप सांगून बघितलं म्हणे, पण आईला दुखवून लग्न करायचं नाही असं योगितानंच त्याला कळवलं.

निरोप आला त्याच दुपारी ती तळोद्याला निघाली. पिशवी खांद्याला लावून ओट्यावर सरांसमोर उभी राहिली. "आप्पा, मन्हा रंग माले माहीत शे. मायले काब्र उभी करी?" रंगाचं नव्हे, आईला का उभं केलं एवढंच तिला विचारायचं होतं. जीप लागली होती, ती गेली.

फेअरचा आठवडा तेव्हा अर्धाच झाला होता. फळ्यावर बुधवारचा अर्थ होता तो तसाच राहिला. गुरुवारी सर शाळेत आले, तास घेतले, पण फळ्याला हात लावला नाही. मुलांनी विचारलं तर म्हणाले, खडू संपलाय. स्टाफरूममध्ये नवीन शिपाई आला होता, त्याला त्यांनी गावसुद्धा विचारलं नाही. घरी वहिनी वेळेवर ताट वाढत, वेळेवर चहा देत, आणि एक अक्षर बोलत नसत. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही अर्धी. नेहमी तिकडून सरांचा आवाज यायचा. आता भांड्यांचा यायचा. योगिता शनिवारीही वर डोंगरातच राहू लागली.

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी सर वहिनींना काहीतरी समजावत होते, की मी खोटं बोललो नाही, शब्दाचा अर्थच तसा आहे. आणि वहिनींचा आवाज मी त्या घरातून पहिल्यांदा एवढा चढलेला ऐकला. "तुमले रंगनं काय माहीत? तुम्ही गोरा शेतस. तुमले कोणी काही म्हणं नही." मग त्या जे बोलल्या ते हळू होतं, पण मी ओट्यावरच होतो. लग्नात मंडपात सरांची आत्या बायकांना काय म्हणाली होती, पहिली दिवाळी कशी गेली, योगिता जन्मली तेव्हा बघायला आलेल्यांनी बाळाचं तोंड बघून काय शेरे मारले. शब्दाची जन्मकुंडली पाठ असलेल्या माणसाला हे काहीच माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं ते भिंतीजवळ आले आणि मला म्हणाले की एक कोरा कागद द्या. माझ्याकडे चित्रकलेचे होते, मी जाड बघून दिला. ते ओट्यावर बसले, वहिनी समोर बसल्या. वहिनी सांगत होत्या आणि सर लिहीत होते. त्या अहिराणीत सांगत, ते इंग्रजीत लिहीत. वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांनी जो शब्द सांगितला तो सर लिहून घेत होते. मध्येच थांबून अमुक शब्द बरोबर नाही, तमुक शब्द इकडून आलाय, असं त्यांनी काही म्हटलं नाही. लिहून झाल्यावर वहिनींनी कागद आपल्याकडे घेतला आणि सांगितलं की उद्या रविवार आहे, प्रकाशाला जायचं. सरांनी विचारलं, मीही येऊ का. वहिनी म्हणाल्या, "तुम्हीबी चाला. पण बोलानं नही."

योगिताचं लग्न पुढच्या वैशाखात झालं, निलेशशीच. ती दोघं अजून तळोद्यात आहेत. जूनमध्ये संस्थेनं माझी बदली दुसऱ्या शाळेत केली, आणि काही वर्षांनी सर गेल्याचं मला फोनवर कळलं. लग्नातले सर मला नीट आठवत नाहीत, तिथे ते इतर बापांसारखेच फेटा बांधून धावपळ करत होते. मला शेवटचे म्हणून दिसतात ते त्या रविवारी प्रकाशाला दिसलेले.

माझ्याकडे तेव्हा जुनी गाडी होती, म्हणून मीच दोघांना घेऊन गेलो. निलेशच्या घरासमोर अंगणभर लाल मिरची वाळत घातलेली होती आणि त्याची आई ओट्यावर बसून मिरचीची देठं खुडत होती. आम्हाला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, या म्हटलं, पण उठली नाही. सर ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसले, मी कठड्यावर. वहिनी सरळ तिच्याजवळ खाली बसल्या, एक मूठ मिरच्या पुढ्यात घेतल्या आणि खुडायला लागल्या. बराच वेळ दोघी नुसत्या देठं काढत होत्या. मग वहिनींनी पिशवीतून कागद काढून तिच्यापुढे ठेवला.

तिनं तो हातात घेतला, उलटा सुलटा केला. "माले इंग्रजी कोठे येस?"

वहिनी म्हणाल्या, "मालेबी नही येस. पण मी सांगं तसंच त्यासनी लिखं."

आणि त्यांनी कागदाकडे न बघता सांगायला सुरुवात केली. पोर काय शिकली, डोंगरात कुठे राहते, रात्री-अपरात्री बाळंतपणाला कशी जाते, भाकरी जाड करते, रागावली की दोन दिवस बोलत नाही आणि तिसऱ्या दिवशी स्वतःहून बोलते. परिचयपत्रात असलं काही कोणी लिहीत नाही. निलेशची आई ऐकताना दोनदा हसली. मग तिनं विचारलं, "आनं रंगना जागे काय लिखेल शे?"

झोपाळा हलायचा थांबला होता. सरांनी पाय जमिनीवर टेकवले होते.

वहिनी म्हणाल्या, "मन्ही पोर मन्हासारखी दिसस."

निलेशच्या आईनं हातातली मिरची खाली ठेवली आणि वहिनींच्या चेहऱ्याकडे बघितलं. लोक घोडा बघतात तसं नाही, सावकाश, एखादी मैत्रीण खूप दिवसांनी भेटल्यावर बघतात तसं. मग ती म्हणाली, "मंग चांगलीच दिसस."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. मग त्या दिवशी पहिल्यांदा त्या सरांकडे वळून म्हणाल्या, "आते बोला."

सर झोपाळ्यावरून उतरले, वहिनींच्या शेजारी खाली बसले, मिरच्यांचा ढीग थोडा आपल्याकडे घेतला आणि देठं खुडू लागले.